आमची हरणी, त्याची चिगरी

माझ्या हिशोबाच्या वहीत गेल्या वर्षी जून महिन्यात एक नवे खाते उघडले आणि त्याला नाव काय द्यावे, हे मला बरेच दिवस ठरवता आले नाही. एका सहकारी पतसंस्थेत तीस वर्षे खतावण्या लिहिण्यात गेल्यामुळे घरातला रुपयाही मी खात्यावाचून जाऊ देत नाही. दुधाचा रतीब, पेपर, गॅस, भांडीवाल्या मावशी, गाड्या पुसणारा मुलगा, अपार्टमेंटचा मेंटेनन्स या सगळ्यांची पाने ठरलेली आहेत. पण रोज सकाळ-संध्याकाळ येऊन आमच्या कुत्रीला फिरवून आणणाऱ्या माणसाला मराठीत म्हणायचे काय? घोड्याला मोतद्दार असतो, हत्तीला माहूत असतो, गुरांना गुराखी आणि मेंढरांना मेंढपाळ असतो. कुत्रा मात्र आपल्याकडे स्वतःच राखणदार, त्यामुळे त्याच्यामागेही कोणी माणूस लागेल हे भाषेच्या कधी ध्यानातच आले नसावे. पहिल्या महिन्यात मी ती रक्कम ‘किरकोळ’मध्ये टाकली. अडीच हजार रुपये किरकोळ नसतात, हे लिहितानाच कळत होते.

आम्ही राहतो तो भाग म्हणजे रामलिंगखिंड गल्ली, टिळक चौक, अनंतशयन गल्ली यांच्या जाळ्यातले जुने बेळगाव. इथे पूर्वी कौलारू घरे आणि चौकाचे वाडे होते. आता भिंतीला भिंत लावून तीन-चार मजल्यांची अपार्टमेंट उभी आहेत. आमची इमारतही अशाच एका वाड्याच्या जागेवर आहे आणि त्या वाड्याच्या परसातली विहीर जिथे होती, तिथे आज तीन मोटारी उभ्या असतात. वाड्याच्या काळात कुत्रे पाळणे म्हणजे उंबऱ्याबाहेर भाकरीचा तुकडा टाकणे, एवढेच असे. ते आपले आपण गल्लीभर हिंडून यायचे, कोणाच्या तरी कट्ट्याखाली झोपायचे आणि रात्री भुंकून भाकरीची परतफेड करायचे. तिसऱ्या मजल्यावरचे कुत्रे आपले आपण कुठेच जाऊ शकत नाही. दार, लिफ्ट, लाईट गेली की जिना, मग पार्किंग आणि फाटक, यांतली प्रत्येक पायरी त्याने माणसाच्या सोबतीने उतरावी लागते. आणि खाली उतरल्यावर समोर काय, तर आठ-दहा फुटांची गल्ली, तिच्या दोन्ही कडांना लावलेल्या दुचाक्या आणि मध्ये रिक्षाचा भोंगा.

त्यातून आमची हरणी ही मुधोळची. मुधोळ हे आज बागलकोट जिल्ह्यात असले तरी ते घोरपड्यांचे जुने मराठी संस्थान, आणि तिथल्या मालोजीराजे घोरपडे यांनी या सडपातळ, लांब तोंडाच्या शिकारी कुत्र्यांची जात जोपासली. त्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला या जातीची जोडी भेट दिल्याची हकिगत आमच्या भागात अजून सांगितली जाते. बाहेर त्यांना मुधोळ हाउंड म्हणतात, आपल्याकडचा जुना शब्द कारवानी. टपाल खात्याने २००५ साली भारतीय कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत हे होते. पुढे सैन्यानेही मेरठच्या केंद्रात त्यांना शिकवून पाहिले. या सगळ्या गौरवाची माहिती मुलाने चार वर्षांपूर्वी पिल्लू घरी आणताना आम्हाला सांगितली. जे कुत्रे मोकळ्या माळावर सशाच्या मागे वाऱ्यासारखे सुटावे म्हणून पिढ्यानपिढ्या निवडले गेले, ते दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये काय करणार, हे मात्र त्याने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. खरे तर ती घरात फारच शहाण्यासारखी वागते. दिवसातले कितीतरी तास दिवाणाच्या कोपऱ्यात पाय दुमडून झोपलेली असते. पण सकाळ-संध्याकाळ तिला बाहेर नेले नाही, तर रात्री अकरा वाजता स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा तिच्या फेऱ्या सुरू होतात आणि फरशीवर नखांचा टकटक आवाज खालच्या मजल्यापर्यंत पोचतो.

मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, तेव्हा तिला फिरवण्याचे काम यजमानांकडे आले. गेल्या मे महिन्यात त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. मी साखळी धरली आणि तिसऱ्याच दिवशी टिळक चौकात एका मांजरापायी माझे मनगट असे काही ओढले गेले की पंधरा दिवस पट्टी बांधून पातेली उचलावी लागली. आता दुसरे माणूस शोधणे भाग होते. गंमत म्हणजे ही गरज कायद्यालाही ठाऊक आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा जो कायदा आहे, त्याच्या ११ व्या कलमात एरवी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, किंवा तो दुसऱ्याकडून न करवून घेणे, हाही गुन्हा म्हटलेला आहे. म्हणजे स्वतः फिरवा, नाहीतर कोणाकडून तरी फिरवून घ्या. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० रुपयांपासून ५० रुपयांपर्यंत. तेवढ्यात आज टिळक चौकात दोघांचा धड नाश्ताही होत नाही.

शोधाची सुरुवात मुलाने फोनवरून केली. बेंगळुरूत यासाठी ॲप असतात, तासावर माणूस मिळतो, तो कुठून कुठे गेला हे नकाशावर दिसते, असे तो म्हणाला. आमचा पिनकोड घातल्यावर त्या ॲपने सेवा उपलब्ध नसल्याबद्दल नम्रपणे दिलगिरी व्यक्त केली. मग बेळगावची जुनी पद्धत सुरू झाली, म्हणजे ज्याला-त्याला सांगून ठेवणे. दूधवाल्याला सांगितले, गुरांच्या डॉक्टरांकडच्या कंपाउंडरला सांगितले, इस्त्रीवाल्याला सांगितले, आणि संध्याकाळी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीकडे कुत्री घेऊन येणाऱ्या मंडळींनाही विचारून आले. तिथे कळले की ज्यांच्याकडे बंगला आणि नोकर आहेत, त्यांची कुत्री नोकरच फिरवतात. निव्वळ कुत्रे फिरवण्यासाठी माणूस ठेवायचा, ही कल्पना त्यांनाही जरा चैनीची वाटली. एका बाईंनी तर विचारलेच, “माणसाला फिरवायला माणूस मिळेना झालाय, आणि तुम्ही कुत्र्याला शोधूलालाय?” हा प्रश्न मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिला, कारण त्याच वेळी घरात यजमानांना हाताला धरून बाल्कनीपर्यंत चालवण्याचे काम मी एकटीच करत होते.

पहिला जो मुलगा मिळाला, तो वॉचमनच्या ओळखीचा होता. हसतमुख, चपळ, कुत्र्यांना न घाबरणारा. आणखी काय पाहायचे असते, हे मलाही तेव्हा माहीत नव्हते. आठव्या दिवशी संध्याकाळी तो एकटाच वर आला. त्याच्या हातात साखळी होती आणि साखळीच्या टोकाला पट्टा होता. मला तो पट्टा अजून डोळ्यांपुढे दिसतो, कारण त्याचे बकल लागलेलेच होते. कुठे तुटले नव्हते, कुठे उसवले नव्हते. गोल पट्टा जसाच्या तसा बंद होता आणि त्याच्या आतली मान तेवढी नव्हती. मी तो घेतला, उगीचच बकल उघडले आणि पुन्हा लावले. मग चपलाही न घालता खाली धावले. पानपट्टीच्या खांबाला तिला बांधून हा फोनवर बोलत उभा होता, समोरून बकरी गेली, एवढे त्याच्याकडून कळले. पुढचा दीड तास मी, वॉचमन, इस्त्रीवाला आणि दोन अनोळखी शाळकरी मुले गल्ल्या पालथ्या घालत होतो. कपिलेश्वरच्या बाजूला रेल्वेचे रूळ आहेत. त्या दिशेने पाय वळले की माझ्या पोटात गोळा येई. अखेर रुळांच्या अलीकडे एका केळीवाल्याच्या हातगाडीखाली ती सापडली. तिच्या मांडीला खरचटले होते, कातडी कागदासारखी पातळ असल्यामुळे ते दिसायला फार भयंकर दिसत होते, आणि ती मात्र गाडीच्या सावलीत निवांत बसून होती. त्या मुलाला मी पुन्हा बोलावले नाही. त्याला दोष देतानाही मला ठाऊक होते, की पट्टा मीच विकत आणलेला होता.

जुलैत, धो धो पावसात, दूधवाल्याने दुसरा एक तरुण पाठवला. त्याचे नाव इथे देत नाही, कारण ते त्यालाच नको आहे. तो बैलहोंगल तालुक्यातल्या एका खेड्यातून इथे शिकायला आलेला आहे, खोलीभाडे भागवण्यासाठी पहाटे दुधाच्या पिशव्या टाकतो, आणि शहरात पैसे घेऊन कुत्रे फिरवतो हे त्याच्या घरी माहीत नाही. “लोक हसतील,” इतकेच त्याने कारण सांगितले. तो आला तेव्हा मी हरणीला पुढे आणून त्याने तिच्याशी ओळख करून घेण्याची वाट पाहत उभी राहिले. त्याने तिच्याकडे पाहिलेच नाही. जिन्याच्या पायरीवर तो आडवा, तिच्याकडे खांदा करून बसला आणि माझ्याशी पावसाबद्दल बोलू लागला. पाच-सात मिनिटांनी हरणीने आपण होऊन त्याच्या कोपराचा वास घेतला, मग कानामागचा, मग चपलांचा बराच वेळ. तेव्हा कुठे त्याने हात उचलला, आणि तोही डोक्यावर न ठेवता मानेखाली नेला. बोटांनी पट्टा चाचपला आणि म्हणाला, “अक्कोर, हा पट्टा नको. हिचं डोस्कं बारीक, मान जाड. मागं सरकली की निसटतंय.” मी काही शिक्षिका नव्हे, पण आमच्या उत्तर कर्नाटकात शाळेतल्या बाईंना ज्या शब्दाने हाक मारतात, तो त्याने मला पहिल्याच दिवशी लावला. बहुधा चष्म्यामुळे, किंवा मी त्याला आल्या आल्या चार प्रश्न विचारले होते म्हणून.

त्याच्या घरी शेतावर याच जातीची दोन कुत्री आहेत, जोंधळ्याच्या राखणीला. या कुत्र्यांचे डोके मानेहून अरुंद असते, त्यामुळे साधा पट्टा कितीही आवळला तरी ते उलटे ओढून त्यातून सुटू शकतात, आणि फारच आवळला तर गुदमरतात, ही गोष्ट त्याला कोणी शिकवावी लागली नव्हती. त्याने मला कोपऱ्यावरच्या चांभाराकडे नेले. आमचा जिल्हा म्हणजे अथणी-निपाणीच्या चपलांचा जिल्हा, कातड्याचा हात इथे अनेकांना आहे. त्या म्हाताऱ्या कारागिराला याने कन्नडमध्ये आणि मी मराठीत असे दोन बाजूंनी समजावले, आणि त्याने चार बोटे रुंद, मऊ कातड्याचा पट्टा करून दिला. त्याच्या दोन टोकांना कड्या असून त्यांतून दुसरा छोटा फास ओवलेला आहे; साखळी सैल असली की पट्टाही सैल राहतो, ओढ बसली की तेवढ्यापुरता घट्ट होतो आणि गळा दाबण्याआधीच थांबतो. साडेतीनशे रुपये पडले. ते मी ‘हरणी, वस्तू’ या खात्यात लिहिले आणि त्याच ओघात किरकोळमधली रक्कम बाहेर काढून ‘हरणी, पगार’ असे पान केले. वाचणाऱ्याला वाटावे, की पगार हरणीलाच मिळतो.

त्यानंतरच्या महिन्यांत मला जे कळले, ते कुत्रे पाळणाऱ्या माणसाला चार वर्षांत कळायला हवे होते. बेळगावचा पाऊस जूनमध्ये एकदा धरला की सप्टेंबरपर्यंत पाठ सोडत नाही, आणि या आखूड केसांच्या, अंगावर चरबी नसलेल्या कुत्र्यांना भिजणे मुळीच सोसत नाही. त्याने खताच्या प्लास्टिकच्या पोत्याची खोळ शिवून आणली, शेतकरी पेरणीच्या वेळी डोक्यावर घेतात तशी. पावसात साचलेल्या डबक्यातले पाणी तो तिला चाटू देत नसे; उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो हे डॉक्टरांनी मला सांगितले होते, त्याला ते निराळ्या शब्दांत आधीच माहीत होते. परत आल्यावर पायरीवर बसून तो तिच्या पायांची बोटे एकेक करून फाकवी आणि गोचीड पाही. खाण्याआधी फिरवायचे, खाल्ल्यावर दोन तास पळवायचे नाही, कारण छाती खोल असलेल्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडण्याची भीती असते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हाताची पाठ टेकवून सात अंक मोजता आले नाहीत, तर तिलाही त्यावर चालवायचे नाही. या गोष्टी मी वहीत टिपून ठेवल्या. तो हसला. “ह्यात लिवायचं काय हाय, अक्कोर?” असे त्याने विचारले.

मला सर्वांत नवल वाटे ते त्याच्या रस्त्यांचे. जुन्या गावात कुत्रे फिरवणे म्हणजे खरे तर दुसऱ्यांच्या कुत्र्यांमधून वाट काढणे आहे. आमच्या प्रत्येक गल्लीला तिची तिची कुत्री आहेत आणि त्यांच्या हद्दी महापालिकेच्या वॉर्डांपेक्षा काटेकोर आहेत. कोणत्या खांबापासून कोणाचे राज्य सुरू होते, कोणती कुत्री व्यालेली आहे, चिकनच्या दुकानासमोर संध्याकाळी किती जण जमतात, कचऱ्याची गाडी येण्याआधी कुठल्या ढिगाजवळ जायचे नाही, हे सगळे त्याने पहिल्या दोन आठवड्यांत एकट्याने, हरणीला न घेता, दूध टाकता टाकता पाहून ठेवले होते. पहाटेची पावणेसहाची वेळही त्याने त्यावरूनच ठरवली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे भटक्या कुत्र्यांविषयीचे आदेश आले, तेव्हा आमच्या चौकात जो-तो वकील झाला होता. ११ तारखेच्या आदेशात दिल्ली परिसरातली कुत्री उचलून कायमची निवाऱ्यात ठेवा असे होते. २२ तारखेला त्यात बदल होऊन, पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीच्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना होते त्याच जागी सोडा, असे ठरले. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही हेच आहे. चौकातल्या वादाला त्यातून काही अंत आला नाही. पण हरणीला फिरवणाऱ्या आमच्या या मुलाने त्यातले कामाचे तेवढे उचलले. “म्हणजे ही कुत्री हितंच ऱ्हाणार की. मग वळख करून घेतलेली बरी.”

ओळख करून घेऊनही एकदा व्हायचे ते झालेच. सप्टेंबरात, कपिलतीर्थाकडे गणपती विसर्जनाची गर्दी असताना, वाट बदलावी लागल्यामुळे तो भलत्याच गल्लीतून आला आणि तिथल्या एका कुत्र्याने हरणीवर घातलेली झेप याच्या पोटरीवर उतरली. ही गोष्ट त्याने मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितली, आणि तीही मी तो लंगडतो का हे विचारले म्हणून. मी त्याच्यावर इतकी संतापले की यजमान आतून काठी टेकत बाहेर आले. जखम त्याने नुसती पाण्याने धुतली होती; वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची असते, हे त्याला माहीत नव्हते. कुत्र्यांविषयी इतके जाणणाऱ्याला स्वतःविषयी एवढेही माहीत नसावे, याचे मला वाईट वाटले. आम्ही रिक्षा केली आणि सरकारी दवाखान्यात गेलो. लस त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशी चार वेळा घ्यायची होती. “काल का नाही सांगितलंस?” असे मी रिक्षात पुन्हा विचारले, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, “दोन दिवस खाडा पडला असता.”

मी गप्प झाले, कारण खाडे मीच कापत होते. पतसंस्थेतल्या सवयीने, महिन्याच्या शेवटी तीस दिवसांनी भागून, पैशापर्यंत. पावसामुळे त्याच्या गावची बस बंद पडली त्या दिवसाचे कापले होते, परीक्षेच्या दिवसाचे कापले होते, आणि त्याने एकदाही हिशोब विचारला नव्हता. हरणीची लस मी दरवर्षी न चुकता तारखेला टोचून घेते. तिच्याबरोबर रोज दोन तास रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला आधीच लस टोचून घ्यावी, हे मात्र माझ्या मनात कधी आलेच नव्हते. कायदाही, पाहायला गेले तर, हाताकडे पाहतो: भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात ताब्यात असलेल्या जनावरापासून कोणाला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितले आहे, आणि सकाळच्या त्या तासात हरणी माझ्या ताब्यात नसते. त्या महिन्यापासून वहीतला खाड्यांचा रकाना मी ओढणे बंद केले. आधीचे कापलेले पैसे दसऱ्याला दिले, तेव्हा त्याने ते बोनस समजून घेतले आणि मीही त्याची समजूत दुरुस्त केली नाही. ती माझी लबाडीच म्हणायची.

अपार्टमेंटमधल्या तक्रारींबद्दल फार लिहीत नाही, त्या सगळीकडे सारख्याच असतात. कोणाच्या स्कूटरच्या चाकावर कुत्रीने पाणी सोडले, कोणाला लिफ्टमध्ये तिच्या अंगाचा वास आला. असोसिएशनच्या बैठकीत मी प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून नेल्या होत्या, पाळीव कुत्र्यांना किंवा त्यांच्या लिफ्टवापराला सरसकट बंदी घालता येत नाही अशा. आणि त्या वाचून दाखवल्यावर वातावरण होते त्याहून बिघडले. प्रश्न सोडवला तो त्या मुलाने. दुसऱ्या दिवसापासून तो पाण्याची बाटली आणि जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे बरोबर ठेवू लागला, आणि त्या स्कूटरचे चाक तो सलग आठवडाभर सकाळी, तक्रार करणारे काका बाल्कनीत दात घासत उभे असताना, धुऊन पुसत राहिला. काकांनीच अखेर त्याला “पुरे की आता” म्हणून थांबवले.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मी त्याला नेहमीप्रमाणे ये म्हणाले होते. त्याने ऐकले नाही. बेळगावात त्या दिवशी गवळी लोक आपल्या म्हशी सजवतात, शिंगे रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात आणि मोटरसायकलीमागून त्यांना पळवतात. चव्हाट गल्लीकडे तर त्या दिवशी जत्राच असते. गावात जन्म घालवून मला जे आठवले नाही, ते या परक्या मुलाला आठवले, कारण त्याने ते हरणीच्या डोळ्यांनी पाहिले होते. बघून धावणारे हे कुत्रे. पळणारे काही दिसले की तिचे कान बंद होतात, असे तो म्हणतो.

एवढ्यात घरात एक विचित्र गोष्ट घडू लागली होती. हरणी दारातून बाहेर सटकू लागली की मी “थांब!” म्हणे, आणि ती न ऐकता पुढे जाई. यजमानांचा आवाज माझ्याहून मोठा, पण त्यांनाही ती दाद देईना. तिचे कान बिघडले की काय, अशी शंका मी त्या मुलापाशी काढली. त्याने शांतपणे, जराही आवाज न चढवता म्हटले, “निंद्रु.” ती जागच्या जागी उभी राहिली. “कुंद्रु,” म्हटल्यावर बसली. आमच्या डोळ्यांदेखत, आमच्याच दिवाणावर झोपणाऱ्या कुत्रीने बैलहोंगलकडची कन्नड उचलली होती आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. यजमान हसत सुटले. मला हसू यायला थोडा वेळ लागला. दुकानात, बसमध्ये, कचेरीत मी आयुष्यभर कन्नड बोलत आले आहे. पण ती कामापुरती, तोलूनमापून बोललेली भाषा. जनावराला हाक मारण्याइतकी ती माझ्या तोंडात कधी घरगुती झाली नव्हती.

डिसेंबरात एळ्ळ अमावास्येला तो चार दिवस गावी गेला. त्या दिवशी तिकडे घरचे सगळे शेतात जाऊन जेवतात, उभ्या जोंधळ्यात चरग, म्हणजे नैवेद्याचे अन्न, शिंपडतात. जाण्याआधी त्याने मला दोन दिवस बरोबर नेऊन रस्ता दाखवायची तयारी दाखवली, आणि मी, या गावात सत्तावन्न वर्षे काढलेली, म्हणाले की मला रस्ते ठाऊक आहेत.

पहिल्या दिवशी पहाटे थंडी इतकी होती की हरणीच्या अंगावर माझा जुना स्वेटर घातला, बाह्या कापून. फाटकाबाहेर मी डावीकडे वळले आणि ती उजवीकडे उभी राहिली. ओढाओढी नको म्हणून मी तिच्या मागे गेले. दोन इमारतींमधल्या ज्या बोळातून मी लहानपणानंतर कधी गेले नव्हते, त्या बोळातून ती मला मागच्या गल्लीत घेऊन गेली. एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबली, तिथल्या पांढऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याने डोके उचलून पाहिले आणि पुन्हा खाली ठेवले. चौकाच्या अलीकडे ती आपण होऊन रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला गेली. पुढे एका कौलारू घरासमोर, त्या ओळीत तेवढेच उरले आहे, ती बसली. मी साखळी हलवली, ती उठेना. एवढ्यात दार उघडले आणि नऊवारी नेसलेल्या एका आजी शिळ्या भाकरीचा कोर घेऊन बाहेर आल्या.

“चिगरी आली होय!” त्या म्हणाल्या, आणि मग मला पाहून थबकल्या. “पोरगं कुठं गेलंय? बरं नाही काय त्याला?”

चिगरी म्हणजे कन्नडमध्ये हरीण. हुबळी-धारवाडच्या दरम्यान धावणाऱ्या जलद बसना हेच नाव आहे, म्हणून मला शब्द माहीत होता. त्याने आमच्या हरणीचे भाषांतर करून टाकले होते. दोन नावांनी हाक मारली जाण्याची या गावाला पुरेशी सवय आहे, तेव्हा तक्रार कशाची करणार? तो गावी गेला आहे, बरा आहे, सोमवारी येईल, असे मी आजींना सांगितले. त्यांनी भाकरी दिली, हरणीने ती माझ्याकडे न पाहता खाल्ली. “तुम्ही कोण त्याच्या?” असे त्यांनी जाता जाता विचारले. मी कुत्रीची मालकीण आहे, हे सांगायला मला त्या क्षणी अवघड का वाटावे, कोण जाणे, मी म्हणाले, “मी आज त्याच्या बदली आलेय.”

चार दिवस मी तशीच बदलीवर गेले. एकदा मांजर आडवे गेले तेव्हा माझ्या तोंडून “निंद्रु” निघाले, जरा घाबरट आवाजात, आणि ती थांबली. मनगट शाबूत राहिले.

सोमवारी पहाटे पावणेसहाला घंटा वाजली. त्याने शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांचे पुडके माझ्या हातात दिले, हरणीला नवा पट्टा घातला आणि दोघे खाली गेले. मी बाल्कनीत उभी होते. फाटकातून बाहेर पडून दहा-बारा पावले गेल्यावर तो थांबला, हरणीकडे पाहिले, पुन्हा चार पावले चालला, पुन्हा थांबला. मग मान वर करून, गल्ली जागी होणार नाही अशा बेताने त्याने विचारले,

“अक्कोर, तुमी साखळी उजव्या हातात धरलासा काय?”

मी हो म्हणाले.

“तरीच. चार दिवसांत बाजू बदलली हिनं,” तो म्हणाला, आणि साखळी डाव्या हातातून उजव्या हातात घेऊन तसाच पुढे गेला.